पाच बटणांची गिटार

सुन्याची पद्धत ठरलेली आहे. आधी निकाल द्यायचा, मग वाद घालायचा. कालचा निकाल: 'गिटार हीरो' हा व्हिडिओ गेम खेळून ज्यांना डीप पर्पल ह्या रॉक बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर' समजलं, त्यांना घंटा काही समजलेलं नाही.

"गिटारीच्या आकाराच्या खेळण्यावर पाच रंगीत बटणं आणि एक पट्टी. ह्याला वाजवणं म्हणतात होय?"

सच्याची कॉलेजची वर्षं प्लेस्टेशन टू समोर गेली, त्यामुळे तो पेटलाच. "वाजवणं कोण म्हणतंय? ऐकणं म्हण! बटण चुकलं की गिटार गप्प होते, बाकीचा बँड चालूच राहतो. गिटारीखाली ऑर्गन कसा गुरगुरतो ते मला चुकल्यामुळे कळलं."

"तो ऑर्गन तरी कुठे डीप पर्पलच्या जॉन लॉर्डचा होता? 2005 च्या पहिल्या गेममधली बहुतेक गाणी दुसऱ्यांकडून वाजवून घेतलेली, त्यात हेही. मूळ रेकॉर्डिंग नाहीच ते. आणि मूळ गिटारवाला ब्लॅकमोर तो रिफ, ती पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून, पिकच्या चकतीने वाजवत नाही, दोन तारा बोटांनी एकदम खेचतो. हे तुझी बटणं शिकवणारेत?"

"तू तर क्लास लावून शिकलास ना? मग अजून पिकनेच का खडखडवतोस?"

इथे मंद्या मध्ये पडला. गाण्याच्या नावातला पाण्यावरचा धूर कसला, ते त्याला हवं होतं. मग दोघंही भांडण विसरून एकमेकांचं वाक्य तोडत सांगायला लागले. 4 डिसेंबर 1971. स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, जिनिव्हा सरोवराचा काठ. कॅसिनोत रॉक संगीतकार फ्रँक झॅपाचा कार्यक्रम रंगात आलेला असताना कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा पेटता गोळा उडवणारी बंदूक, झाडली आणि अख्खा कॅसिनो जळाला. डीप पर्पल तिथेच अल्बम करायला आले होते, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ घेऊन. जागा गेली. मग पॅव्हिलियन नावाच्या थिएटरात ह्या गाण्याचा सांगाडा रेकॉर्ड झाला. आवाजाची तक्रार गेली, पोलीस दारावर धडकले, टेक संपेपर्यंत बँडच्या माणसांनी दार आतून धरून ठेवलं. उरलेला अल्बम, 'मशीन हेड', रिकाम्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये, गाद्या लावून.

"आगीचं तर सगळं गाण्यातच आहे," सुन्या म्हणाला, "पण तुझी नजर स्क्रीनवरच्या त्या सरकणाऱ्या टिकल्यांवर. शब्द ऐकतोय कोण!"

हा मुद्दा मला पटला. सच्यालाही पटला असावा, कारण त्याने विषयच बदलला. "बरं, सुरुवातीला कोण कधी येतं ते सांग."

"गिटार, मग बेस, मग ड्रम."

"चूक. गिटार, ड्रमसेटमधल्या हाय-हॅट झांजा, ऑर्गन, बाकीचे ड्रम. बेस शेवटी."

मंद्याने फोनवर मूळ गाणं लावलं. चौघं माना खाली घालून फोनभोवती. बेस शेवटीच आला.

सुन्याचं म्हणणं, मंद्याच्या फोनचा स्पीकर भंगार आहे, बेस आधीपासूनच असणार.