तोंड तरी पुसू द्यायचं होतं बे

सकाळी एका दोस्तानं व्हॉट्सअपवर फोटो टाकला. "बघ बे, आपल्या पूर्व भागातला. एक नंबर!" उघडला तर आमची आई. मांडीवर सूप, बोटांत अर्धी वळलेली विडी, दातात दोरा आणि तोंडावर भस्सकन मारलेला फ्लॅश. खाली कुणीतरी लिहिलंय, 'मार्टिन पार स्टाईल'. पार म्हणजे विलायतेतला नावाजलेला फोटोग्राफर.

आठवतोय मला तो पोरगा. दोन वर्षांमागं गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत फोटोवॉकवाले गल्लीत आले होते. दारातनं वाकला, हातभर अंतरावरनं क्लिक केलं, चालला पुढच्या दारात. आई म्हणतेय, "थांब की रे, तोंड तरी पुसते." कुठला थांबतोय!

पारचं नाव घेतलंच आहे तर ऐका. पारनं १९८३ ते ८५ मध्ये लिव्हरपूलजवळ न्यू ब्रायटनच्या किनाऱ्यावर भर दिवसा फ्लॅश मारून फोटो काढले. आइस्क्रीम ओघळलेली पोरं, ओसंडलेला कचरा, त्याच्याच शेजारी निवांत पडलेली माणसं, सगळं भडक रंगात. गरिबांची टिंगल करतो म्हणून तिकडंही त्यानं शिव्या खाल्ल्या. १९९४ ला मॅग्नम ह्या फोटोग्राफरांच्या नामांकित संस्थेनं त्याला आत घेतलं तेव्हा केवढी भांडणं झाली. पण गडी इंग्रज, बघत होता इंग्रजांकडंच. पुढं श्रीमंतांच्या पार्ट्यांतही त्यानं तोच फ्लॅश मारला. आमच्या ह्या हिरोनं एखाद्या बंगल्यात शिरून जेवणाऱ्या शेठच्या तोंडावर मारून दाखवावा. कुत्रं सोडतील अंगावर. विडी कामगाराच्या दाराला कडी नसते, तिथं सगळे मार्टिन पार!

त्याच मॅग्नममध्ये आपला रघू राय, १९७७ पासून. मोठा फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ, त्यानं नाव सुचवलं होतं त्याचं. त्याचा चर्चगेट स्टेशनचा १९९५ चा फोटो बघा. शटर संथ ठेवलंय, गर्दी नुसती धुरासारखी वाहतेय आणि पेपर वाचणारा माणूस तेवढा जागच्या जागी. पार माणसाच्या अंगावर जातो, राय गर्दीला अंगावरनं जाऊ देतो. मला विचाराल तर राय. आईसमोर तो तासभर बसला असता, चहा प्यायला असता, ती हजारातली कितवी विडी ते विचारलं असतं. निदान मला तसं वाटतं.

बरं, रायच्या काळ्या-पांढऱ्यात गरिबी जरा जास्तच देखणी दिसते, हे कबूल. तंबाखूनं पिवळी पडलेली नखं त्यात दिसली नसती. ह्या फोटोत दिसतात. झालं समाधान?

दुपारी राहवेना, आईला मोबाईल दाखवला. वाटलं, चिडेल. तिनं चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला आणि आधी विडी बघितली. "पान बरोबर कापलंय बघ." मग स्वतःचं तोंड बघून खुदकन हसली. मग फोटो सरकवत मागच्या भिंतीवर गेली. तिथं बाबांची तसबीर आहे. फ्लॅश काचेवर आदळलाय, नुसता पांढरा गोळा, भोवती हार.

"ह्यांचं तोंड गेलं की रे," म्हणाली. फोन परत देईना. थोड्या वेळानं म्हणते, "तरी एक कॉपी काढून आण."

तर त्या पोराला कुणी ओळखत असाल तर सांगा, मूळ फाईल पाहिजे. व्हॉट्सअपवरची प्रिंट फाटते. पैसे देतो.