भाऊंची पाच मिनिटं

आमच्या कुत्र्याचं नाव भाऊ. मुलानं ठेवलं, आणि ओंजळीत मावणारं पिल्लू होतं तोवर कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही. आता तो ४१ किलोंचा लॅब्रॅडॉर आहे. ऑफिसात मी फोनवर "भाऊला उठवत नाही हो, खुबा गेलाय, औषध पनीरमध्ये लपवून द्यावं लागतं" असं म्हणालो की आसपासची मंडळी गंभीर होतात आणि जेवणाच्या सुट्टीत आडून आडून विचारतात, "वहिनी बघतात का त्यांचं सगळं?"

त्याच्या खुब्याची वाटी वाढत्या वयातच उथळ राहिली. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही, घसरत राहतो, घासत राहतो आणि सातव्या वर्षी सकाळी उठणं हप्त्याहप्त्यानं होऊ लागतं. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत हे नेहमीचंच, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. ऑपरेशनची वेळ आलेली नाही. गोळी, वजन आणि व्यायाम यांवर भागेल.

व्यायाम म्हटल्यावर माझी छाती फुगली. दर रविवारी वेताळ टेकडी आणि वर चेंडू, असा आमचा शिरस्ता होता. बाई म्हणाल्या, "तेच बंद करायचंय. आठवडाभर सोफा आणि रविवारी टेकडी, याच्याइतकं सांध्याला वाईट काही नाही. चेंडूच्या मागे गर्रकन वळणं, कचकन थांबणं, उडी, सगळं बंद. पाच मिनिटं चालवायचं. दिवसातून तीन-चारदा. आखूड पट्टा, एकदम सावकाश."

"सावकाश म्हणजे?"

"तो पळू लागला की दुखरा पाय चोरतो. हळू चाललं की चारही पाय टेकवावेच लागतात. तुम्हाला कंटाळा येईल इतकं हळू."

कंटाळा परवडला असता. पण त्या वेगाची खरी अडचण अशी, की सोसायटीतलं कुणीही तुम्हाला गाठू शकतं. एरवी भाऊ मला ओढत न्यायचा आणि मी "येतो हो!" असं ओरडत निसटायचो. आता बाकावरचे सगळे ज्येष्ठ आम्हाला आरामात ओलांडून पुढे जातात, वळतात आणि समोर उभे राहतात. गुडघा बदललेले काका एक्स-रेच्या बारकाव्यांसह हकीकत सांगतात. कुणी महानारायण तेल सुचवतं. ते आम्ही लावून पाहिलं, आणि भाऊनं ते मिटक्या मारत चाटून काढलं. तळमजल्यावरच्या जोशीकाकूंनी तर स्वतःच्या पाकिटातली गोळी काढून "अर्धी द्या, हत्तीसुद्धा उठेल" म्हणून हातावर ठेवली. ती मात्र मी तिथल्या तिथे परत केली. आपली आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव करतात, मूत्रपिंडं बिघडवतात. बाईंनी हे इतक्या करड्या आवाजात सांगितलं होतं, की घरी आल्यावर आम्ही औषधांचा डबाच फडताळाच्या वरच्या खणात टाकला.

एकूण पाच मिनिटांचं चालणं उरकायला पाऊण तास लागतो. त्यातली चाळीस मिनिटं भाऊ बसलेला असतो.

त्याच्या गोळीचा गुण आला तेव्हा खरी पंचाईत झाली. दुखणं थांबलं, पण सांधा तोच आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. एका सकाळी त्यानं पार्किंगमधली मांजर पाहिली आणि सगळं तारुण्य एकवटून झेप घेतली. ४१ किलोंच्या दुसऱ्या टोकाला मी होतो. त्या दिवशी व्यायाम माझा झाला. नियम असा आहे, की आज जेवढं चाललो त्यानं उद्या सकाळी तो अवघडला नाही, तरच काही दिवसांनी एखाद-दोन मिनिटं वाढवायची. अवघडला तर मागे यायचं. त्यामुळे सकाळी सहाला आमचं सगळं घर खोलीच्या दारात उभं राहून एका कुत्र्याला उठताना बघत असतं.

बरं, घरभर गुळगुळीत फरशी. तिच्यावर पाय फाकतात, म्हणून त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर योगासनांच्या चटया अंथरल्या आहेत. बायकोचा योगवर्ग त्यामुळे सुटला. भाऊ मात्र चटई सोडून, कडेकडेनं, फरशीवरूनच जातो.

वजनाची गोष्ट वेगळीच. त्याचं वजन ३२ किलो हवं. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरच्या जोड्या लावून निम्म्यांना जन्मभर पाव हिस्सा कमी खायला घातलं. २००२ साली निकाल छापून आला. कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. हे मी जेवताना वाचून दाखवलं. आई म्हणाली, "आणि ती दोन वर्षं उपाशीच ना?" मग मी तिला सांगितलं, की लॅब्रॅडॉरमधल्या साधारण चारांतल्या एकाच्या जनुकातच खोट असते आणि त्यामुळे पोट भरल्याचं त्याला नीट कळत नाही. केंब्रिजवाल्यांनी २०१६ मध्ये शोधून काढलंय. आईनं हातातली पोळी खाली ठेवली. "म्हणजे त्या लेकराचा काहीच दोष नाही," असं म्हणत तिनं तिला तूप लावलं.

पाण्यातली ट्रेडमिलही झाली. काचेची टाकी, कोमट पाणी, खाली सरकता पट्टा. पाणी खुब्यापर्यंत आलं की पायांवर वजनाचा जेमतेम ३८ टक्के भार उरतो, म्हणून सांधा न दुखता स्नायू घडतात. भाऊनं आधी पाण्याची पातळी पिऊन कमी करता येते का ते पाहिलं आणि मग निमूट चालला.

घरी प्रगती मोजायला बाईंनी चालतानाचं चित्रीकरण मागितलं. मागून, संथगतीत. माझा फोन आता भाऊच्या पार्श्वभागानं भरलेला आहे. मावसबहिणीच्या लग्नात बायको हॉलचे फोटो दाखवायला गेली आणि बोट एकदा जास्त सरकलं, त्याविषयी आम्ही बोलत नाही.

परवा तपासणीला ती चित्रफीत पाहताना बाई एकदम थांबल्या. "मागचा डावा छान टाकतोय. पण इथे रोज वेग का वाढतो?"

पुन्हा पाहिलं. जिन्याजवळ संथ, बागेपाशी संथ आणि आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीखाली आला की मान वर करून झपाझप. चित्राच्या वरच्या कडेतून एक तुकडा तरंगत खाली आला. तुपकट असावा, चकाकत होता.

घरी येऊन मी फर्मान ऐकवलं. बाईंनी पोळी पूर्ण बंद केलेली नाही, पण चतकोर दिली तर तेवढं रात्रीच्या वाटीतून वजा करायचं आणि तोंडासमोर धरून बसता-उठता करायला लावायचं. मागच्या पायांना त्याची ताकद येते.

आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बसता-उठता किती वेळा?"

"पाच."

"मग चतकोराचे पाच करते. आणि तुझ्या बाईंना विचार, गॅलरीतून टाकली तर चालेल का. एवढे जिने मला नाही उतरवत, माझाही खुबा आहे."