‘वर्षभराचं पाप एका उपासात?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

योम किप्पुर, म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा आणि उपासाचा दिवस, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कमी आला. तुमचं म्हणणं असं : वर्षभर हवं तसं वागायचं आणि एक दिवस उपाशी राहून पाटी कोरी करायची, ही पळवाट आहे. आजारी माणसाला पंचवीस तास पाणीही न देणं क्रूरपणा आहे. आणि मी या दिवसाला ‘ज्यूंची निर्जळी एकादशी’ आणि ‘शोकाचा दिवस’ म्हटलं, ते ढोबळ आहे.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे चूक माझीच. एकादशी लिहिली ती वाचकाला चटकन कळावं म्हणून. आळशीपणा, दुसरं काय! इथे अन्नपाण्याबरोबर अंघोळ, अंगाला तेल लावणं, चामड्याच्या चपला आणि नवरा-बायकोचा संगही वर्ज्य असतो. ‘शोकाचा’ हे तर साफ चुकलं. शोकाचा उपास वेगळा, तिशा बे-आव. जेरुसलेमचं मंदिर दोनदा उद्ध्वस्त झालं त्याचा. योम किप्पुर गंभीर असला तरी त्या दिवशी लोक पांढरे कपडे घालतात. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात तर तो वर्षातल्या सर्वांत आनंदाच्या दोन दिवसांपैकी एक म्हटलाय. त्या दिवशी जेरुसलेमच्या मुली पांढरी वस्त्रं नेसून द्राक्षमळ्यांत नाचायला जात, आणि वस्त्रं सगळ्यांची उसनी आणलेली असत. का, तर जिच्याकडे नाहीत तिला ओशाळं वाटू नये.

आजाऱ्यांचं तुम्ही म्हणता तसं नाही. जिवाला धोका असेल तर उपास मोडायचा, ही सवलत नाही, धर्माज्ञा आहे. तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेचा मोठा ग्रंथ, याहून पुढे जातो. वैद्य म्हणाले याला खायची गरज नाही आणि रोगी म्हणाला मला हवंय, तर रोग्याचं ऐकायचं. आपल्या जिवाचे हाल ज्याचे त्याला माहीत. लहान मुलांनाही उपास नसतो.

आता मुख्य मुद्दा, पळवाटेचा. तो तुमच्या कितीतरी आधी बायबलातल्या यशया संदेष्ट्याने मांडलाय, आणि तुमच्यापेक्षा कडक शब्दांत. उपासाच्या दिवशी तुम्ही आपला धंदा बघता, मजुरांना राबवून घेता, भांडता, एकमेकांना गुद्दे मारता. लव्हाळ्यासारखी मान लववून गोणपाटावर बसलात म्हणजे उपास झाला का? भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या, बेघराला घरात घ्या. आणि यशयाच्या पुस्तकातला हा ५८वा अध्याय वाचतात कधी? योम किप्पुरच्याच सकाळी, सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, आदल्या संध्याकाळपासून उपाशी असलेल्या लोकांसमोर. ज्या दिवशी उपास, त्याच दिवशी उपासाची ही झाडाझडती. म्हणून तुमचा आक्षेप मला बाहेरचा वाटत नाही, तो त्या दिवसाच्या पोथीतलाच आहे.

नियमही तसाच आहे. ‘पाप करीन आणि योम किप्पुर ते धुऊन काढील’ असं जो म्हणतो, त्याचं धुतलं जात नाही, असं मिश्ना सरळ सांगते. माणसाने देवाचा अपराध केला असेल तर हा दिवस कामाला येतो. शेजाऱ्याचा केला असेल, तर शेजाऱ्याची समजूत काढेपर्यंत नाही. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ या ज्यू धर्मपंडिताने याची रीत लिहून ठेवलीय. पैसे बुडवले असतील तर आधी परत करायचे, तेवढ्याने भागत नाही, मग माफी मागायची. समोरचा ऐकत नसेल तर तीन मित्रांना घेऊन जायचं. तरी नाही, तर पुन्हा, आणि पुन्हा. तो माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी उभं राहायचं आणि मी याचा अपराधी आहे असं सगळ्यांदेखत म्हणायचं. पळवाट म्हणून हा रस्ता फारच खडकाळ आहे.

मात्र एक कबूल. सगळेच असे दारोदार जात नाहीत. ‘कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा’ असा एकच निरोप शंभर जणांना धाडून मोकळे होणारे तिथेही आहेत, जसे आपल्याकडे ‘मिच्छामि दुक्कडम्’ फॉरवर्ड करणारे. त्यांच्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे.

तुम्ही विचारलंय, या सगळ्याशी मराठी वाचकाचा काय संबंध? कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. पिढ्यान्‌पिढ्या हिब्रू प्रार्थना जवळजवळ विसरूनही त्यांनी हा दिवस सोडला नाही आणि त्याला मराठी नाव दिलं : दारफाळणीचा सण, म्हणजे दारं लावून घेण्याचा सण. दुसऱ्या दिवशीचा तो शिळा सण. आणि योम किप्पुरच्या संध्याकाळच्या शेवटच्या प्रार्थनेला हिब्रूत म्हणतात नेईला, त्याचाही अर्थ दार बंद होणं. ते मिटायच्या आत शेवटचं मागणं मागायचं, मग शोफार (मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य) फुंकला की उपास संपला. हे दोन शब्द शेजारी ठेवून बघायला मला फार आवडतं.

मूळ लेखातली एकादशी काढून टाकली आहे. ‘शोकाचा दिवस’ खोडून तिथे ‘दारफाळणीचा सण’ लिहिलंय. खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेखही केला आहे.