ब्लॅकबर्ड, नायट्रेट आणि कानाची साक्ष

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन: ‘इंग्रजी जोडशब्दात आघात (म्हणजे उच्चारातला जोर) नेहमी पहिल्या शब्दावर’ हा माझा नियम ‘ॲपल पाय’पाशीच कोसळतो, आणि सिलेबलची (म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यांची) फोड इंग्रजी शब्दकोशात शब्दाच्या मध्ये छापलेले ठिपके बघून करावी, कानावर विसंबून नव्हे.

पहिला आक्षेप मान्य. ‘नेहमी’ हा शब्द चुकलाच, ‘बहुधा’ हवा होता. ॲपल पायमध्ये जोर पायवर पडतो, ॲपल केकमध्ये मात्र ॲपलवर. ऑक्सफर्ड स्ट्रीटमध्ये ऑक्सफर्डवर, मॅडिसन ॲव्हेन्यूमध्ये ॲव्हेन्यूवर. हे ऐकून ऐकूनच कानात बसतं.

पण म्हणून आघात गौण ठरत नाही. ब्लॅकबर्ड घ्या. जोर ब्लॅकवर असेल तर तो एक ठरावीक पक्षी. शब्द सुटे ठेवून बर्डवर जोर दिला तर कुठलाही काळा पक्षी, अगदी कावळासुद्धा. आणि गंमत म्हणजे त्या ठरावीक पक्ष्याची मादी तपकिरी असते, तरी ती ब्लॅकबर्डच! म्हणजे तिथे ब्लॅक हे वर्णन उरलेलंच नाही, ते नाव झालंय, आणि हे कानाला कळतं ते आघातामुळे. आपल्याला यात नवल वाटायला नको. ‘इंद्रशत्रु’ या समासाचा स्वर चुकला आणि इंद्राला मारणाऱ्याऐवजी इंद्राच्या हातून मरणारा वृत्र जन्मला, ही कथा आपल्याकडचीच.

दुसरा आक्षेप मात्र मला अजिबात पटत नाही. ते ठिपके ओळ संपताना छापील शब्द कुठे तोडावा, हे सांगतात. उच्चार शेजारी वेगळा दिलेला असतो. ‘नायट्रेट’ आणि ‘नाइट रेट’ लागोपाठ मोठ्याने म्हणून पाहा, इंग्रजी वळणाने. पहिल्यात ‘ट्र’ हे जोडाक्षर आहे. ट आणि र एकमेकांत मिसळून जवळपास ‘च्र’ ऐकू येतं. दुसऱ्यात जीभ ट वर अडते आणि र नव्याने सुरू होतो. शिवाय नाइटमधला ‘आइ’ आखूड होतो, कारण त्याच सिलेबलमध्ये मागोमाग ट आहे. ध्वनी तेच, सांधा वेगळा.

हा सांधा बोलणाऱ्याच्या मनात जिवंत असतो तोवरच टिकतो. कप आणि बोर्ड मिळून झालेल्या शब्दाला आज सगळे ‘कबर्ड’ म्हणतात. प गेला, बोर्डमधला स्वर झिजला, कपड्यांचं कपाट उघडताना कुणालाही कप आठवत नाही. शब्दकोशातला ठिपका मात्र अजून त्या न उच्चारल्या जाणाऱ्या ‘पी’च्या पुढेच आहे.