ऑल-स्टार टीम बांधताय? मग आधी शॉर्टस्टॉप शोधा, बेब रूथ कुठे पळून जात नाही

स्ट्रॅट-ओ-मॅटिक या फासे-पत्त्यांच्या बेसबॉल खेळासाठी ऑल-स्टार टीम निवडायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांच्या कागदावर बॅटिंगच्या दिग्गजांची तीच नावं उतरतात. रूथ, गेरिग, टेड विल्यम्स, बाँड्स, टाय कॉब. मग जागा उरतात शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर), सेकंड बेस आणि कॅचरच्या (बॅटरमागचा, विकेटकीपरच म्हणा), आणि तिथे "बघू कोणीतरी" असं होतं. माझं स्पष्ट मत आहे की ही यादी उलट्या टोकाकडून लिहायला घ्यावी. का, ते पत्त्यांवरच छापलेलं आहे. फक्त मोजायचा कंटाळा करायचा नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅल रिचमन नावाच्या न्यूयॉर्कच्या माणसाने १९६१ मध्ये हा बेसबॉलचा खेळ विकायला काढला. प्रत्येक खऱ्या खेळाडूचा एक पत्ता, त्याच्या खऱ्या सीझनच्या आकड्यांवरून बनवलेला. बॅटरच्या पत्त्यावर १, २, ३ असे तीन रकाने, पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) पत्त्यावर ४, ५, ६. तीन फासे एकदम टाकायचे. पांढरा फासा रकाना सांगतो, बाकी दोघांची बेरीज ओळ सांगते. म्हणजे निम्म्या वेळा निकाल बॅटरच्या पत्त्यावर लागतो आणि निम्म्या वेळा पिचरच्या. (शाळेतलं बुक क्रिकेट आठवा. तिथे गावसकर काय आणि अकरावा गडी काय, पान उघडलं की सारखेच. इथे तसं नाही, सगळी गंमत त्यातच आहे.)

आता पत्ता वाचायचा कसा? बहुतेक जण पत्त्यावर किती ठिकाणी 'होमरन' (एका फटक्यात चारही बेस) लिहिलंय ते मोजतात. ते चुकीचं आहे. दोन फाशांची बेरीज ७ येण्याचे ३६ पैकी ६ मार्ग आहेत, ६ किंवा ८ चे प्रत्येकी ५, आणि २ किंवा १२ चा फक्त एकेक. म्हणजे सातव्या ओळीतला एक होमरन बाराव्या ओळीतल्या सहा होमरनएवढा. तीन रकाने गुणिले ३६, असे प्रत्येक पत्त्यावर १०८ चान्स. काही ओळी फोडलेल्या असतात, उदाहरणार्थ होमरन १-११, डबल (दोन बेसचा फटका) १२-२०. तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. अशी ओळ आठवी असेल तर होमरनचे चान्स ५ गुणिले ११/२०, म्हणजे पावणेतीन. कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येक उमेदवाराचे बेसवर पोचायचे आणि होमरनचे चान्स असे मांडून ठेवा. एका पत्त्याला तीन-चार मिनिटं लागतात.

हे झालं बॅटिंगचं. खरी मेख पिचरच्या पत्त्यावर आहे. तिथल्या १०८ पैकी ३० चान्स पिचरचे नसतातच, ते फिल्डरचे असतात. समजा पांढरा फासा ५ पडला, बाकी दोघांची बेरीज ७ आली, आणि पत्त्यावर लिहिलंय 'ग्राउंडबॉल शॉर्टस्टॉप एक्स'. मग पुन्हा फासे टाकायचे आणि शॉर्टस्टॉपच्या १ ते ५ रेटिंगनुसार तक्त्यात बघायचं. १ म्हणजे उत्तम, ५ म्हणजे देवाची करणी. हे ३० एक्स असे वाटलेले असतात: शॉर्टस्टॉप ७, सेकंड बेस ६, थर्ड बेस, सेंटर फिल्ड आणि कॅचर प्रत्येकी ३, आणि फर्स्ट बेस, लेफ्ट फिल्ड, राइट फिल्ड आणि खुद्द पिचर प्रत्येकी २. पिचर कोणीही असो, हे वाटप तेच.

आता हिशेब करा. एका सामन्यात समोरचे साधारण ३८ बॅटर येतात. दोन्ही पत्ते मिळून २१६ चान्स. म्हणजे शॉर्टस्टॉपवर सामन्यात सव्वा वेळा एक्स येणार, सेकंड बेसवर एकदा, आणि लेफ्ट फिल्डवर तीन सामन्यांत एकदा. तोच शॉर्टस्टॉप बॅटिंगला सामन्यात चारेक वेळा येतो आणि त्यातल्या निम्म्या वेळा त्याचा स्वतःचा पत्ता वाचला जातो, म्हणजे दोनदा. बॅटिंगचे दोन निकाल आणि फिल्डिंगचा सव्वा. लेफ्ट फिल्डरचे बॅटिंगचे तेवढेच दोन, पण फिल्डिंगचा एक-तृतीयांश. म्हणून लेफ्ट फिल्डला रेटिंग ४ चा धिप्पाड ठोकणारा बिनधास्त उभा करा. तोच आकडा शॉर्टस्टॉपला चालणार नाही.

"पण माझ्याकडे पिचर पेड्रो मार्टिनेझ आहे, फिल्डिंगची काय गरज?" हा वाद हमखास येतो, आणि तो नेमका उलटा आहे. २००० मध्ये पेड्रोविरुद्ध बॅटरची बेसवर पोचण्याची सरासरी होती ०.२१३. त्या वर्षीची लीगची सरासरी ०.३५० च्या आसपास धरू. निम्मे निकाल बॅटरच्या पत्त्यावरून येतात, म्हणून पिचरच्या पत्त्याचा वाटा काढायचा तर ०.२१३ ची दुप्पट करून त्यातून ०.३५० वजा करायचे. राहिले ०.०७६. म्हणजे १०८ पैकी जेमतेम ८ चान्स, तेही फिल्डरच्या हातून निसटणारे धरून. पत्त्यावर भोकंच नाहीत, फक्त ते ३० एक्स आहेत. साध्या पिचरच्या मागे वाईट शॉर्टस्टॉप ठेवला तर गळतीत आणखी थोडी भर. पेड्रोच्या मागे ठेवला तर जवळजवळ सगळी गळती त्याच्याच पायातून. पिचर जितका भारी, तितकं फिल्डरचं वजन जास्त.

त्यामुळे माझ्या शॉर्टस्टॉपच्या यादीत ओझी स्मिथचं १९८७ चं वर्ष वर असतं. त्या वर्षी होमरन शून्य, यावर लोक हसतात. पण सरासरी ०.३०३, बेसवर पोचण्याची ०.३९२, चोरलेले बेस (फटक्याची वाट न बघता पळून गाठलेला पुढचा बेस) ४३, आणि फिल्डिंगबद्दल बोलायलाच नको. होनस वॅग्नरचं १९०८ (सरासरी ०.३५४) मिळालं तर प्रश्नच मिटला. एर्नी बँक्सचे १९५८ मधले ४७ होमरन मोहात पाडतात, पण आधी पत्त्यावरचं फिल्डिंग रेटिंग बघा, मग ठरवा. सेकंड बेसला जो मॉर्गन, १९७६. २७ होमरन, ६० चोऱ्या आणि गोल्ड ग्लव्ह (उत्तम फिल्डिंगचा पुरस्कार). इथे रॉजर्स हॉर्न्सबीची १९२४ ची ०.४२४ सरासरी खुणावते, पण माझ्या मते सहा एक्सच्या जागी मॉर्गन. सेंटर फिल्डला विली मेज, १९६५. ५२ होमरन, शिवाय गोल्ड ग्लव्ह. कॅचरला जॉनी बेंच. कॅचरचा हात (बेस चोरणाऱ्याला रोखायचं रेटिंग) उणे आकड्यात असतो आणि जितका उणे तितका चांगला. अधिक तीनवाला कॅचर घेतलात तर समोरचा रिकी हेंडरसन (१९८२ मध्ये १३० चोऱ्या) तुमच्या अंगणात रांगोळी काढून जाईल.

आणखी एक खड्डा: वर्ष. पत्ता त्या वर्षाच्या लीगच्या तुलनेत बनतो. १९६८ हे पिचरांचं वर्ष होतं, बॉब गिब्सनचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या धावांची सरासरी) १.१२, आणि अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्त्रेम्स्की ०.३०१ वर बॅटिंगमध्ये पहिला आला. पुढच्याच वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणला. यास्त्रेम्स्कीची १९६८ मधली बेसवर पोचण्याची सरासरी ०.४२६. लीगची ०.३०० धरली तर वरच्याच सूत्राने पत्त्यावर सुमारे ६० चान्स. हीच ०.४२६ कोणी २००० मध्ये काढली असेल तर लीगची ०.३५० धरून ५४. आकडा तोच, पत्ता सहा चान्सनी हलका. बॅटर कोरड्या वर्षांतले घ्या, पिचर धावांच्या पावसातले घ्या. गिब्सनचा १.१२ कितीही डोळ्यांत भरला तरी पेड्रोचा १.७४ जास्त वजनदार आहे.

छापलेली जागाही नीट वाचा. १९२१ मध्ये रूथ मुख्यतः लेफ्ट फिल्डला खेळला. राइट फिल्डला हवा असेल तर १९२७ (६० होमरन) बघा. पत्त्यावर जी पोझिशन नाही तिथे खेळाडू उभा करायची परवानगी घरच्या नियमांनी देऊ नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणीतरी मेजला शॉर्टस्टॉपला आणेल.

डावखुऱ्यांचं तर दुखणंच आहे. रूथ, गेरिग, विल्यम्स, बाँड्स, कॉब, मॉर्गन, सगळे डावे. प्रगत नियमांत पत्त्याला दोन बाजू असतात, डाव्या पिचरविरुद्ध आणि उजव्या. समोरून सँडी कूफॅक्स किंवा रँडी जॉन्सनसारखा डावा पिचर आला की तुमची निम्मी फळी पत्त्याच्या कमजोर बाजूवर. नऊपैकी किमान चार जण उजवे किंवा दोन्हीकडून खेळणारे ठेवा. मिकी मँटल, १९५६ (०.३५३, ५२ होमरन) दोन्हीकडून खेळतो. माइक श्मिट, बेंच आणि मेज उजवे. एवढ्यात काम भागतं.

पंचवीस जणांची वाटणी मी अशी करतो: सुरुवातीचे पिचर ५, रिलीफ (मधे बदली येणारे पिचर) ५, कॅचर २, इनफिल्डर ७, आउटफिल्डर ६. रिलीफमध्ये निदान एक डावा हवाच. तिथे कंजूषपणा करू नका, कारण दमलेल्या पिचरच्या पत्त्यावरचे ठिपके लावलेले आउट सिंगल (एका बेसचा फटका) होतात. सातव्या-आठव्या इनिंगला ते ठिपके पत्त्यावर किती जागी आहेत हे आधीच मोजलेलं असलं की पिचर बदलायला उशीर होत नाही.

आणि ४० वेळाच बॅटिंगला आलेल्या कुणाचा ०.४०० वाला पत्ता टीममध्ये घुसवू पाहणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. त्याला एकच नियम लावा: खऱ्या सीझनमध्ये जितक्या वेळा बॅटिंग केली त्याच्या दहा टक्क्यांहून जास्त वर जायचं नाही. चव्वेचाळीस वेळा खेळवा म्हणावं, मग बाकावर बसवा.