ओट्स-किसमिसच्या कुकीज शुगरसाठी म्हणून मागू नका

गूळ घातला, मैदा टाळला आणि ओट्स टाकले की ती कुकी शुगरवाल्यांना चालते, असं आपल्याकडे लोकांनी धरूनच ठेवलंय. मला हे मान्य नाही. मी स्वतः ओट्स-किसमिसच्या कुकीज घरी करते, ऑर्डरी घेते, म्हणून तर हे स्पष्ट लिहिणं मला भाग वाटतं.

वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात पोळा उलटला की दिवाळीच्या ऑर्डरींची विचारपूस सुरू होते. त्यातले कितीतरी फोन असे असतात: "वहिनी, बाबाले शुगर हाये. त्यायच्यासाठी ते ओट्सवाले बिस्किट द्या अर्धा किलो, गुळाचे." मुलगा मायेनंच मागत असतो. पुण्याहून सुटीवर आलेला असतो, बापासाठी काही चांगलं घ्यावं असं त्याला वाटतं. पण तो डबा घरात आला की पुढे काय होतं ते मी पाहिलंय. "हे तर माह्यासाठीच आणलं" म्हणून काका सकाळी चहासोबत तीन खातात, दुपारी दोन, रात्री जेवण झाल्यावर अजून एक, आणि घरातलं कोणी टोकत नाही. साध्या ग्लुकोज बिस्किटाला टोकलं असतं. ओट्सला कोण टोकणार?

म्हणून हिशोबच मांडते. माझं एका वेळचं माप असं आहे: १५० ग्रॅम ओट्स, १०० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम गूळ, ७५ ग्रॅम किसमिस. यात २० कुकीज होतात. म्हणजे एका कुकीत ५ ग्रॅम गूळ, ५ ग्रॅम लोणी आणि वरून किसमिस. किसमिस हे वाळवलेलं द्राक्ष, त्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असते. गुळात थोडं लोह असतं, थोडी खनिजं असतात, हे खरं. पण तोही उसाचाच, आणि रक्तातली शुगर वाढवायला तो साखरेपेक्षा मागे राहत नाही. ओट्स एका कुकीत भरतात साडेसात ग्रॅम.

ओट्सचं एवढं नाव झालं ते त्यातल्या बीटा-ग्लुकनमुळे. ओट्स पाण्यात शिजवले की जो बुळबुळीतपणा येतो, तो या तंतूचा. त्याच्यामुळे पोटातलं अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, आणि कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. १९९७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ओट्सच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली. पण त्या दाव्यात दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनचा हिशोब होता, आणि बाकीच्या आहारात लोणी-तुपासारखी संपृक्त चरबी कमी असायला हवी हेही होतं. ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जायला साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. माझ्या मापानं त्या झाल्या १० कुकीज. त्यांच्यासोबत ५० ग्रॅम गूळ आणि ५० ग्रॅम लोणी. आता सांगा, पाकिटावरचं ते लाल हृदयाचं चित्र या कुकीला कसं लागू होईल? शिजवलेल्या ओट्सच्या वाटीबद्दल जे बोललं गेलं, ते लोणी-गुळाच्या कुकीवर आपण परस्पर चिकटवलंय.

बाजारातल्या ओट्स बिस्किटांचं तर विचारूच नका. पाकिटाच्या मागे घटक वजनाप्रमाणे उतरत्या क्रमानं छापावे लागतात, नियमच आहे तो. तालुक्याच्या कोणत्याही किराणा दुकानात उभं राहून वाचा, ओट्स कितव्या नंबरवर येतात ते. पुष्कळ पाकिटांवर आधी मैदा, मग साखर, मग पामतेल, आणि त्यानंतर कुठं तरी ओट्स.

आता माझ्यासारख्याच घरून करणाऱ्या, बचत गटातल्या मैत्रिणींसाठी. व्हॉट्सॲपवर ‘शुगर फ्री ओट्स कुकीज’ म्हणून जाहिरात टाकता, तेव्हा त्या शब्दाला कायद्यात माप आहे. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१८ च्या दावे आणि जाहिरातींच्या नियमांप्रमाणे १०० ग्रॅम पदार्थात साखर ०.५ ग्रॅमच्या वर नसेल, तरच त्याला शुगर फ्री म्हणता येतं. गूळ-किसमिसच्या कुकीत १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या वर साखर असते. कुठे अर्धा ग्रॅम आणि कुठे वीस! कोणी तपासायला येणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण खाणारा माणूस आपल्याच गल्लीतला आहे. आपण त्याला काका म्हणतो, मामा म्हणतो. ‘गुळाच्या कुकीज’ एवढं लिहिलं तरी खप होतो, माझा अनुभव आहे.

"मग एवढं वाईट आहे तर करता कशाले?" असं मला मागच्या वेळी कोणीतरी विचारलं. वाईट कोण म्हणतं? ही कुकी मला फार आवडते. खाऊ म्हणून तिच्यासारखी दुसरी नाही, आणि लेकरांना शाळेच्या डब्यात द्यायला तर उत्तमच. आपल्या घरातल्या वस्तूंमध्ये ती इतकी छान बसते की आश्चर्य वाटतं.

मूळ अमेरिकन कृतीत ब्राऊन शुगर असते. म्हणजे साखर आणि काकवी. आपल्या गुळात ती काकवी असतेच, त्यामुळे गूळ इथे तब्येतीसाठी नसून चवीसाठी हवा. थोडा काळसर, जुना गूळ घ्या, बारीक किसा आणि चाळून घ्या, नाहीतर भाजताना खडे वितळून कुकीला भोकं पडतात. लोणी घरचं. आमच्याकडे गवळाऊ गाईंचा मुलूख आहे, त्यामुळे लोण्याची ददात नाही. फक्त ते दोन-तीन पाण्यांत धुऊन, हातानं दाबून त्यातलं पाणी पूर्ण काढायचं. पाणी राहिलं की कुकी नरम पडते. मग परातीत लोणी आणि गूळ तळहातानं फेसायचं, रंग उजळ होऊन ते हाताला हलकं लागेपर्यंत.

अंड्याच्या जागी जवस. चटणीसाठी भाजतो तसा भाजायचा नाही, कच्चाच वाटायचा. एक मोठा चमचा पूड, तीन चमचे पाणी, दहा मिनिटं ठेवायचं, की अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरणारं बुळबुळीत मिश्रण तयार होतं. जवस विदर्भातल्या घरात नाही असं होत नाही, आणि ज्या घरी अंडं चालत नाही तिथेही ही कुकी त्यामुळे निर्धास्त जाते. त्यात कणीक, चिमूटभर मीठ, अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा, दालचिनीची पूड. सोडा फुलायला आंबटपणा लागतो. थोडा गुळात असतो, तरी मी चमचाभर दही घालते.

ओट्स मात्र जाड पाकळीचे घ्या. दोन मिनिटांत शिजणारे बारीक ओट्स कणकेत मिसळून जातात, दाताखाली काही येतच नाही, आणि मसाला ओट्सचं पाकीट तर कृपा करून उघडू नका. किसमिस कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, फडक्यावर कोरडी करून घालायची. कोरडीच टाकली तर ती पिठातली ओल शोषून घेते आणि भाजल्यावर कडक होते. जी किसमिस वर डोकावत असते ती बोटानं आत दाबा, उघडी राहिली की जळून कडू होते.

मग पीठ अर्धा तास झाकून ठेवायचं. ओट्स ओल पितात, पीठ आवरून येतं, कुकी ताटलीभर पसरत नाही. हिवाळ्यात एवढं पुरतं. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की लोणी परातीतच तेल होतं, तेव्हा पीठ फ्रीजमध्ये ठेवल्याशिवाय इलाज नाही. लाईन गेली तर त्या दिवशी कुकीज करायच्याच नाहीत. मी उन्हाळ्यात ऑर्डर घेत नाही ती यासाठी.

ओव्हन नाही म्हणून कोणी अडून बसू नये. जाड बुडाची मोठी कढई, तळाला वाटीभर जुनं मीठ, त्यावर तिवई, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं मोठ्या आचेवर तापवायची, मग आच बारीक करून ताटली आत. कढईत धग खालूनच येते. त्यामुळे कुकीचं बूड लवकर करपतं आणि वरचा भाग फिका राहतो. उपाय असा की एकावर एक दोन स्टीलच्या ताटल्या ठेवायच्या. वरच्या रंगावर जाऊ नका, कड बघा. पंधरा-वीस मिनिटांनी कड तपकिरी दिसते आणि मधला भाग बोटाला अजून मऊ लागतो. नेमकं तेव्हाच काढायचं. कच्ची वाटते म्हणून पुन्हा आत ढकलली की दगड झालीच म्हणून समजा. गरम ताटलीत पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्या, कुकी आपोआप धरते. कडेला कुरकुरीत, आत चिवटसर, आणि मध्येच किसमिस दाताखाली येते ती रसाळ. गोवरीच्या विस्तवात रोडगे भाजणाऱ्या आपल्या बायकांना धगीचा अंदाज शिकवायची गरज नाही. आमच्या आत्याबाई तर कढईच्या झाकणावर चुलीतले इंगळ ठेवतात, वरून रंग यावा म्हणून, आणि त्यांच्या कुकीज माझ्यापेक्षा देखण्या होतात.

आता ज्वारीचा मुद्दा. "आपल्याकडे ज्वारी असताना ओट्स काहून?" हे दर पोस्टखाली येतं. ज्वारीच्या पिठाची नानकटाई मी करते, तुपात फार सुरेख होते, तोंडात विरघळते. पण ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नाही, ते भुरभुरीत राहतं. ओट्सच्या पाकळीचा चिवटपणा तिथे मिळायचा नाही. हे दोन वेगळे पदार्थ आहेत. वर्ध्याचा गाईच्या तुपातला गोरसपाक, म्हणजे ते बिस्किट, आपण आवडीनं खातो, तो कोणी तब्येतीसाठी घेत नाही. चांगला लागतो म्हणून घेतो. या कुकीलाही तोच मान द्या. ज्वारी वाचवायची असेल तर ती रोजच्या ताटात वाढवा. आमच्या भागात कपाशी आणि सोयाबीननं ज्वारीचे वावर कमी केलेत, घराघरांत दोन्ही वेळा गव्हाची पोळी आली आहे. तिथे भाकर परत आली तर ज्वारीला भाव येईल. माझ्या कुकीतून ओट्स काढून ज्वारीचं काही भलं होत नाही.

ज्यांना शुगर आहे त्यांच्याबद्दल एवढंच. गोड किती आणि कधी चालेल ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला नको. तिशीच्या पुढच्यांची शुगर-बीपीची तपासणी गावच्या उपकेंद्रात होते, आशाताईंना विचारलं की दिवस कळतो. ज्या घरात तपासणीच झालेली नाही आणि "थोडी शुगर असंन" म्हणून गुळावर आलेत, त्यांची मला जास्त काळजी वाटते. आमच्या घरी मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, शुगर आहे. सणाला त्यांच्या बशीत एक कुकी असते, गोड खाऊ समजून दिलेली, आणि त्या दिवशी चहा बिनसाखरेचा. डबा त्यांच्या हाताशी ठेवत नाही. ते रागावतात, रागावू देते.

दिवाळीच्या ऑर्डरी घेणं सुरू आहे. डब्यावर सगळे घटक वजनासकट लिहिलेले असतील, गूळही, लोणीही. अर्धा किलोच्या डब्यात साधारण २० येतात. लेकरांसाठी, पाहुण्यांसाठी, भाऊबीजेला भावासाठी खुशाल मागा. आणि आर्वी, आष्टी, कारंजाकडच्या ज्या मैत्रिणी घरून करतात त्यांनी आपल्या लेबलवर काय लिहिता ते खाली टाका. कोणाला घटकांचं लेबल कसं लिहायचं ते हवं असेल तर माझं पाठवते.