एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या मागे? अजिबात बसवू नका

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणे कंपन्या एसीचा कंडेन्सर मुद्दाम रेडिएटरच्या पुढे बसवतात, म्हणजे त्याची गरम हवा रेडिएटरवर जाऊन इंजिन तापतं आणि आपण पार्ट बदलत बसतो. उपाय काय तर तो काढून रेडिएटरच्या मागे नाहीतर गाडीखाली बसवा, कूलिंग दुप्पट, इंजिन थंड आणि वर ॲव्हरेज वाढेल. एरवी सोडून दिलं असतं, पण माझा मेव्हणा हे वाचून खरंच गाडी मेकॅनिककडे टाकायला निघाला होता, म्हणून लिहितोय.

आधी तो 'मागे बसवा'वाला मुद्दा, कारण वाट लागणार ती त्यानेच. कंप्रेसरने दाबलेला गरम गॅस थंड करून त्याचं लिक्विड करायचं, एवढंच कंडेन्सरचं काम. त्यासाठी वरून जाणारी हवा त्या गॅसपेक्षा थंड लागते, त्याला पर्याय नाही. आता आकडे बघा. कंडेन्सरमध्ये गॅस साधारण 50-60 डिग्रीला लिक्विड होतो आणि रेडिएटरमधलं पाणी असतं 90-100 डिग्रीला. बाहेरची 35-40 डिग्रीची हवा आधी कंडेन्सरवरून गेली आणि थोडी तापली तरी रेडिएटरसाठी ती थंडच आहे. उलटं केलं तर रेडिएटरमधून तापून आलेली 70 डिग्रीची हवा 60 डिग्रीच्या गॅसवर मारणार, मग गॅस थंड होणार कसा? तो आणखी तापणार आणि प्रेशर चढत जाणार.

माझ्यावर विश्वास नको, गॅस भरताना मेकॅनिक लावतो ते लाल-निळं गेज बघा. लाल डायलवर प्रेशरच्या आत गॅसचं तापमानही छापलेलं असतं. गाड्यांच्या एसीत सर्रास असणाऱ्या आर-134ए गॅसला 60 डिग्रीला साधारण 230 पीएसआय, 80 ला 365 च्या आसपास, 90 ला 450 च्या वर. बहुतेक गाड्यांत 400 ते 450 च्या दरम्यान हाय प्रेशरचा स्विच कंप्रेसर बंद करतो. म्हणजे ट्रॅफिकमध्ये, जिथे एसी सगळ्यात जास्त हवा असतो, तिथेच तो बंद-चालू होत राहणार आणि स्विचने दगा दिला तर कंप्रेसर आणि पाइपांचं काय होईल ते सांगायला नको. आणि 101 डिग्रीच्या वर तर हा गॅस कितीही दाबा, लिक्विड होतच नाही. हे कुठल्या कंपनीचं कारस्थान नाही, गॅसचा गुणधर्म आहे.

कारस्थानच म्हणायचं तर इलेक्ट्रिक गाड्यांचं काय? तिथे तापायला इंजिनच नाही, तरी कंडेन्सर पुढेच असतो, कारण ताजी हवा पुढून येते.

गाडीखाली बसवायचं तर दगड, चिखल, सायलेन्सरची धग आणि गाडी उभी असली की हवाच नाही. शिवाय पाइप लांबणार, गॅस आणि ऑइलचं माप बदलणार, सिस्टीम उघडल्यावर ओल शिरणार ते वेगळंच.

'पूर्वी एसी डिकीत असायचा' असंही मेसेजमध्ये आहे. 1940 च्या पॅकार्डमध्ये डिकीत होती ती गाडीतली हवा थंड करणारी कूलिंग कॉइल, कंडेन्सर नाही, आणि हा फरक ज्याला कळत नाही तो आपल्याला गाडी खोलायला सांगतोय. बसच्या टपावर कंडेन्सर असतो हे मात्र खरं, पण तिथे त्याला स्वतःचे पंखे असतात आणि इंजिनची गरम हवा लागत नाही. जुन्या पोर्शे 911 मध्ये एक कंडेन्सर मागे इंजिनच्या झाकणाखाली असायचा, आणि त्या गाड्यांचा एसी कमजोर म्हणूनच ओळखला जातो.

ॲव्हरेजचं तर बोलायलाच नको, प्रेशर वाढलं की कंप्रेसर ओढायला इंजिनला जास्त ताकद लागते, म्हणजे पेट्रोल जास्तच जाणार.

आता एक गोष्ट मान्य करावी लागेल. पुढच्या कंडेन्सरमुळे रेडिएटरला थोडी गरम हवा मिळते, हे खोटं नाही. पण रेडिएटर आणि पंखा त्याच हिशोबाने दिलेले असतात, म्हणून तर एसी लावला की पंखा फिरायला लागतो. एसी लावल्यावर इंजिनच्या तापमानाचा काटा वर जात असेल तर बहुतेक वेळा कारण असतं कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, पण दोघांच्या मध्ये धूळ, किडे, सुकी पानं यांचा नमद्यासारखा थर बसलेला असतो, तो बंपर काढून टॉर्च मारून वरून बघितल्याशिवाय दिसत नाही. मेव्हण्याला तेच करायला सांगितलंय. इंजिन गार असताना, साध्या नळाच्या पाण्याने, शक्यतो आतून बाहेर धुवायचं. प्रेशर वॉशर जवळून मारायचा नाही, ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या लगेच वाकतात आणि मग हवा अडते. कडेच्या फोमच्या पट्ट्या गळून पडल्या असतील तर त्या परत लावायच्या, नाहीतर उभ्या गाडीत इंजिनकडची गरम हवा कडेने फिरून पुन्हा कंडेन्सरवर येते. एवढं करूनही फरक पडला नाही तर एसी लावल्यावर पंखा खरंच चालू होतोय का आणि पूर्ण स्पीडने फिरतोय का ते बघायचं. कंडेन्सर आहे तिथेच राहू द्या.